मागे पडलेल्या मुलांचे अण्णा : कर्मवीर भाऊराव पाटील

बाहुबली क्षेत्राच्या सान्निध्यातील कुंभोज (जि. कोल्हापूर) या गावी दि. २२ सप्टेंबर १८८७ रोजी एका जैन कुटुंबात भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म झाला. ऐतवडे बुद्रुक हे त्यांचे मूळ गाव.

शालेय अभ्यासात भाऊरावांनी कधी चमक दाखविली नाही. कोल्हापुरात इंग्रजी सहावीच्या पुढे त्यांची मजल गेली नाही. त्याच काळात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना जैन बोर्डिंग सोडावे लागले. आपल्याच समाजाच्या छत्राबाहेर पडलेल्या या मुलास राजर्षी शाहू महाराजांनी आश्रय दिला. अभ्यासात मागे असलेल्या मुलालाही जवळ घेणारे कोणी लाभले तर त्याचे जीवन घडते, याचे भाऊराव स्वतःच उदाहरण ठरले.

पुढे साताऱ्यास त्यांनी खाजगी शिकवण्या केल्या. किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीसाठी खेडोपाडी फिरताना बहुजनांच्या अज्ञानाचे दाहक दर्शन त्यांना घडले. दि. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि श्रम करून शिकत. महात्मा गांधींनी १९२७ साली या वसतिगृहास भेट दिली. मुलांच्या अन्नासाठी सौ. लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिनेच नव्हे, तर मंगळसूत्रही मोडले. १९३० साली त्या निवर्तल्या. पण मुलांची पंगत थांबली नाही.

केवळ इमारतीने मूल शिकत नाही, त्याला ओळखणारा शिक्षक हवा, हे जाणून अण्णांनी १९३५ साली शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालय काढले. १९४० साली साताऱ्यास मोफत व निवासी हायस्कूल सुरू झाले. 'कमवा आणि शिका' या योजनेने गरीब मुलाला दयेऐवजी स्वाभिमान दिला. १९५९ साली पद्मभूषण किताब लाभला आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

भाटघर, भोर, वेल्ह्याच्या डोंगरी वस्त्यांतून शाळेत येणाऱ्या मुलांतही मागे पडणारी मुले असतात. गुणवंतांचा सत्कार आपण आनंदाने करतो. नापासाचा शिक्का बसलेल्या एखाद्या मुलाला हाताशी धरून त्याच्या शेजारी रोज तासभर बसणे, हेच अण्णांना खरे अभिवादन होय.