कोंबडीच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या या माणसामुळे एचआयव्ही पकडता आला

कोरोनात नाकात काडी घालून केलेली टेस्ट आठवते ना? आरटी-पीसीआर. निगेटिव्ह रिपोर्ट स्टेटसला टाकणारे पण आपणच होतो. पण त्यातलं आरटी म्हणजे काय, हे किती जणांनी शोधलं?

आरटी म्हणजे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन. आपल्या भाषेत, उलटी नक्कल. याच उलट्या नकलेच्या जोरावर एचआयव्ही माणसाच्या पेशीत कायमचं ठाण मांडतो. आणि ती नक्कल अडवणाऱ्या गोळ्या आज आपल्याकडच्या सरकारी एआरटी सेंटरवर फुकट मिळतात.

ही उलटी नक्कल होते असं छातीठोकपणे सांगणाऱ्या माणसाचं नाव हॉवर्ड टेमिन. आणि सहा वर्षं त्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

टेमिनचा जन्म 10 डिसेंबर 1934 चा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पीएचडीसाठी तो कॅलिफोर्नियात कॅलटेकला रेनातो दुल्बेको यांच्या लॅबमध्ये गेला आणि तिथे त्याची गाठ पडली राऊस सार्कोमा नावाच्या व्हायरसशी. हा व्हायरस कोंबड्यांना कॅन्सर करतो. 1911 मध्ये पेटन राऊस यांनी तो शोधला, पण कोंबडीच्या रोगाचा माणसाशी काय संबंध म्हणून अनेक वर्षं तो बाजूलाच पडला होता. टेमिनने हॅरी रुबिन यांच्यासोबत 1958 मध्ये काचेच्या बशीत वाढवलेल्या कोंबडीच्या पेशींवर हा व्हायरस मोजायची पद्धत बसवली.

1960 मध्ये तो विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅकआर्डल कॅन्सर लॅबमध्ये नोकरीला लागला. लॅब मिळाली ती तळघरात. एका खोलीत सांडपाण्याचा खड्डा, दुसरीतून अख्ख्या बिल्डिंगचे वाफेचे पाइप. संशोधनाला पैसा मुख्यतः अमेरिकन सरकारच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटचा. म्हणजे शेवटी करदात्यांचा.

आता थोडं सायन्स, पण सातबाऱ्याच्या भाषेत सांगतो.

पेशीत डीएनए असतो. तो म्हणजे तलाठ्याच्या दप्तरातली मूळ नोंद. कामापुरती त्याची झेरॉक्स निघते, ती आरएनए. त्या झेरॉक्सवरून पेशी प्रोटीन बनवते. मूळ नोंदीवरून झेरॉक्स निघते, झेरॉक्सवरून मूळ नोंद तयार होत नाही, असं तेव्हा सगळेच धरून चालले होते. राऊसच्या व्हायरसमध्ये तर फक्त आरएनए असतो, नुसती झेरॉक्स. पण टेमिनला दिसत होतं की एकदा पेशीत घुसल्यावर हा व्हायरस तिच्या पुढच्या पिढ्यांतही टिकून राहतो. झेरॉक्स हरवते, फाटते. इतकं टिकतं ते दप्तरात चढलेलंच.

मग त्याने अ‍ॅक्टिनोमायसिन डी हे औषध वापरून बघितलं. हे औषध डीएनएवरून आरएनए बनणं थांबवतं. व्हायरसचं सगळं काम आरएनएवरच चालत असेल तर त्याला फरक पडायला नको होता. पण नवे व्हायरस बनणं थांबलं. 1964 मध्ये टेमिनने मांडलं की हा व्हायरस आपल्या आरएनएवरून डीएनए बनवतो आणि तो पेशीच्या डीएनएत घुसवतो. थोडक्यात, झेरॉक्स दाखवून परस्पर फेरफार!

लोकांनी मान्य केलं नाही. खरं सांगायचं तर त्यात लोकांची फार चूक नव्हती. पुरावा आडवळणाचा होता, आणि त्या औषधाचे इतरही परिणाम होऊ शकत होते. टेमिन मात्र हटला नाही.

कोडं सोडवायला हातभार लागला तो त्याच्या लॅबमधल्या सातोशी मिझुतानी यांचा. पेशीत नवं प्रोटीन बनणं बंद केलं, तरी व्हायरसचा सुरुवातीचा डीएनए बनतो, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. मग तो बनवणारं एन्झाइम आलं कुठून? व्हायरस ते स्वतःच्या पोटात घेऊन येत असणार.

या व्हायरसभोवती चरबीचं आवरण असतं आणि त्यावर प्रोटीनचे खुंट असतात. हेच खुंट पेशीला चिकटतात. टेमिन आणि मिझुतानी यांनी डिटर्जंटने ते आवरण फोडलं, आत डीएनएचा कच्चा माल टाकला, आणि टेस्ट ट्यूबमध्ये डीएनए तयार झाला. आरएनए आधीच नष्ट केला तर मात्र डीएनए बनेना. म्हणजे नक्कल आरएनएवरूनच होत होती.

त्याच वेळी एमआयटीत डेव्हिड बाल्टिमोर उंदरांच्या व्हायरसवर काम करत स्वतंत्रपणे इथेच पोहोचले होते. दोघांचे पेपर नेचरच्या 27 जून 1970 च्या अंकात एकापाठोपाठ एक छापून आले. एन्झाइमचं नाव पडलं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज.

1975 चं नोबेल टेमिन, बाल्टिमोर आणि टेमिनचे गुरू दुल्बेको यांना मिळून मिळालं. नोबेल दिलं जातं 10 डिसेंबरला, म्हणजे टेमिनच्या 41 व्या वाढदिवशी. तिथल्या मेजवानीत सिगरेटी पेटलेल्या बघून गड्याने भाषणात धूम्रपानाचाच विषय काढला. कॅन्सर कशाने होतो हे माहीत असूनही लोक ओढतात, याचा त्याला राग होता.

1983 मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एड्सचा व्हायरस शोधताना फ्रान्स्वाज बारे-सिनूसी आणि सहकाऱ्यांनी काय मोजलं माहितीय? पेशंटच्या लिम्फ नोडच्या पेशी वाढवून त्यात रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज सापडतंय का, ते. सापडलं. नंतर त्याच व्हायरसचं नाव एचआयव्ही ठेवलं गेलं.

औषधाची गोष्ट तर अजून भारी. एझेडटी हे रसायन 1964 मध्येच जेरोम हॉर्विट्झ यांनी सरकारी पैशातून कॅन्सरसाठी बनवलं होतं. कॅन्सरवर चाललं नाही, म्हणून पडून राहिलं. 1980 च्या दशकात कळलं की ते एचआयव्हीच्या रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजला अडवतं. मार्च 1987 मध्ये ते एचआयव्हीवरचं पहिलं मंजूर औषध ठरलं.

पण लस? तिथे गाडी अडकली, आणि टेमिनने शेवटची वर्षं यातच घातली. सरकारच्या एड्ससंबंधी सल्लागार समित्यांवर तो होता. अडचण त्याच्याच एन्झाइमची होती. ते नक्कल करताना चुका करतं आणि तपासून दुरुस्त करत नाही. त्यामुळे एचआयव्हीच्या आवरणावरचं जीपी-120 हे प्रोटीन सारखं बदलतं. शरीर एका चेहऱ्याला ओळखायला शिकेपर्यंत व्हायरसचा चेहरा दुसराच झालेला असतो. 1993 मध्ये टेमिनने लसीसाठी वेगळा प्रस्ताव मांडला, की एचआयव्हीचे खास जीन काढून त्याला साध्या, शरीराला आवरता येईल अशा रेट्रोव्हायरससारखं करावं. जिवंत व्हायरसची लस म्हणजे मोठा धोका, आणि ती कल्पना लसीपर्यंत पोहोचली नाही.

तोवर त्याला फुफ्फुसाचा कॅन्सर झाला होता. आयुष्यात कधी सिगरेट न ओढलेल्या माणसाला. 9 फेब्रुवारी 1994 ला, वयाच्या 59 व्या वर्षी तो गेला. एचआयव्ही दाबून ठेवणारी तीन औषधांची जोडगोळी रुळली ती 1996 मध्ये. ते काही त्याला बघायला मिळालं नाही.

1995 मध्ये लुई मॅन्स्की यांच्यासोबतचा त्याचा एक पेपर आला. एचआयव्ही जिवंत पेशीत नेमक्या किती चुका करतो, याचा हिशोब त्यात होता. उत्तर निघालं, साधारण तीन वेळा नक्कल केली की एक. आधी टेस्ट ट्यूबमध्ये मोजलेल्या आकड्यापेक्षा हा बराच कमी होता.