अर्ध्या मैदानाशी झुंजलेला फलंदाज

१४ जुलै १९४६. बोस्टनच्या फेनवे पार्क मैदानावर बोस्टन रेड सॉक्स आणि क्लीव्हलँड इंडियन्स या संघांत एकाच दिवशी दोन सामने होते. पहिल्या सामन्यात रेड सॉक्सचे डावखुरे फलंदाज टेड विल्यम्स यांनी तीन होमरन फटकावले आणि संघाने ११-१० असा निसटता विजय मिळवला. क्लीव्हलँडचे लू बूद्रो हे खेळाडू आणि व्यवस्थापक अशा दोन्ही भूमिका सांभाळत. त्या सामन्यात त्यांनी स्वतःही एक होमरन आणि चार डबल मारले होते, तरीही पदरी पराभवच आला. दुसऱ्या सामन्यात त्यांनी एक विलक्षण चाल रचली. विल्यम्स फलंदाजीला येताच क्लीव्हलँडचे जवळजवळ सर्व क्षेत्ररक्षक मैदानाच्या उजव्या अर्ध्या भागात जाऊन उभे राहिले. डाव्या बाजूला उरला एकटा क्षेत्ररक्षक, तोही बराच पुढे सरकलेला. हा देखावा पाहून विल्यम्स यांना हसू आवरले नाही. त्यांनी चेंडू नेहमीप्रमाणे उजवीकडेच मारला आणि तो थेट बूद्रो यांच्या हाती गेला.

ही चाल पुढे बूद्रो शिफ्ट किंवा विल्यम्स शिफ्ट म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यामागचे गणित साधे होते. फलंदाजाच्या जागेवरून पाहिले तर पहिला बेस उजवीकडे आणि तिसरा बेस डावीकडे असतो. जोरकस फटका मारणारा डावखुरा फलंदाज बहुतेक चेंडू उजवीकडे ओढतो. मग डावीकडे माणसे उभी करायचीच कशाला? अशी रचना त्यापूर्वीही झाली होती. १९२०च्या दशकात साय विल्यम्स या फलंदाजाविरुद्ध आणि १९४१मध्ये खुद्द टेड यांच्याविरुद्ध ती वापरली गेली होती. मात्र १९४६नंतर ती टेड यांना कारकीर्दभर चिकटली.

टेड विल्यम्स यांचा जन्म ३० ऑगस्ट १९१८ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे झाला. वडील छायाचित्रकार होते. आई मे मेक्सिकन वंशाच्या होत्या आणि साल्व्हेशन आर्मीच्या कार्यात त्यांचा बहुतेक वेळ जाई. मुलाचे बालपण घरापेक्षा जवळच्या क्रीडांगणावरच अधिक गेले. उत्कृष्ट फलंदाज होण्याचा ध्यास त्यांना तेव्हापासूनच होता. स्थानिक संघातून खेळत ते १९३९मध्ये रेड सॉक्सकडून अमेरिकन लीगमध्ये उतरले आणि पहिल्याच हंगामात १४५ धावा घडवून आणत त्यांनी लीगमध्ये अव्वल स्थान मिळवले.

१९४१च्या हंगामाने त्यांना अजरामर केले. शेवटच्या दिवशी त्यांची सरासरी ०.३९९५ होती. पूर्णांकन करून ती ०.४०० धरली गेली असती. व्यवस्थापक जो क्रोनिन यांनी विश्रांतीची मुभा दिली होती. विल्यम्स यांनी ती नाकारली, फिलाडेल्फियातील दोन्ही सामने खेळले, आठ संधींत सहा हिट मिळवल्या आणि हंगाम ०.४०६वर संपवला. म्हणजेच दर हजार अधिकृत संधींमागे ४०६ यशस्वी फटके. अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये त्यानंतर हा ०.४००चा टप्पा कोणालाही ओलांडता आलेला नाही.

सोपा मार्ग नाकारण्याची हीच वृत्ती शिफ्टपुढे मात्र त्यांच्या संघाला महागात पडली, असे अनेक टीकाकारांचे मत होते. टाय कॉब यांच्यासारख्या जुन्या दिग्गजांनी त्यांना मोकळ्या डाव्या बाजूला फटके मारण्याचा सल्ला दिला. पण आपली खरी ताकद उजवीकडच्या जोरदार फटक्यात आहे, ती सोडली तर प्रतिस्पर्ध्याचा हेतू आपोआप साध्य होईल, अशी विल्यम्स यांची धारणा होती. त्यांचा हा हट्ट एकदा ढळला आणि त्याचे फळही घसघशीत मिळाले. १३ सप्टेंबर १९४६ रोजी क्लीव्हलँडमध्ये त्यांनी चेंडू रिकाम्या डाव्या बाजूला टोलवला आणि धावत चारही बेस पूर्ण केले. चेंडू मैदानाबाहेर न जाता मिळालेला त्यांच्या कारकीर्दीतील हा एकमेव होमरन. रेड सॉक्सने तो सामना १-० असा जिंकून लीगचे विजेतेपद निश्चित केले.

पुढच्याच महिन्यात वर्ल्ड सिरीजमध्ये सेंट लुइस कार्डिनल्सने थोड्या वेगळ्या रचनेची शिफ्ट लावली. कोपराच्या दुखापतीने त्रस्त विल्यम्स यांना २५ संधींत केवळ पाच हिट मिळाल्या आणि त्या पाचही एकेका बेसच्या. एकदा त्यांनी बॅट आडवी धरून चेंडू हलकेच डावीकडे ढकलला, तर तीच मोठी बातमी ठरली. रेड सॉक्सने ही मालिका सातव्या सामन्यात गमावली. विल्यम्स यांच्या वाट्याला पुन्हा वर्ल्ड सिरीज आलीच नाही.

उमेदीची जवळजवळ पाच वर्षे त्यांनी लष्करी सेवेत घालवली. दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते १९४५ हे तीन हंगाम हुकले. कोरियन युद्धात त्यांनी लढाऊ वैमानिक म्हणून ३९ मोहिमा केल्या. फेब्रुवारी १९५३मध्ये गोळीबाराने पेटलेले विमान त्यांनी पोटावर घसरत धावपट्टीवर उतरवले आणि ते बचावले. १९५७मध्ये, वयाच्या उंबरठ्यावर चाळिशी असताना, त्यांनी ०.३८८ सरासरी राखली. त्या हंगामाच्या सुरुवातीस त्यांनी जड बॅट वापरली. त्यामुळे चेंडू डावीकडेही जाऊ लागले आणि प्रतिस्पर्ध्यांना शिफ्ट सैल करावी लागली. २८ सप्टेंबर १९६० रोजी अखेरच्या संधीत ५२१वा होमरन मारून त्यांनी निरोप घेतला. ०.३४४ ही त्यांची कारकीर्दीतील सरासरी. बेसवर पोहोचण्याचे त्यांचे ०.४८२ हे प्रमाण आजही सर्वोच्च आहे. १९६६मध्ये हॉल ऑफ फेमचा सन्मान स्वीकारताना त्यांनी सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांच्यासारख्या कृष्णवर्णीय खेळाडूंनाही तेथे स्थान मिळावे, अशी मागणी केली. ५ जुलै २००२ रोजी फ्लोरिडात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर शिफ्टचे खरे साम्राज्य पसरले. प्रत्येक फटक्याची नोंद संगणकावर होऊ लागली आणि २०२२पर्यंत डावखुऱ्या फलंदाजांच्या निम्म्याहून अधिक संधींत शिफ्ट लागू लागली. अखेर २०२३मध्ये मेजर लीग बेसबॉलने नियम केला. चेंडू टाकला जाताना आतल्या मैदानातील चार क्षेत्ररक्षक दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन असलेच पाहिजेत आणि त्यांनी आतल्या मैदानाची हद्द ओलांडता कामा नये. क्रिकेटमध्येही लेग साइडला पॉपिंग क्रीजच्या मागे दोनपेक्षा अधिक क्षेत्ररक्षक ठेवता येत नाहीत, त्याच जातीचे हे बंधन.

त्याच वर्षी लीगची एकूण सरासरी ०.२४३वरून ०.२४८वर गेली. चेंडूफेकीसाठी घड्याळ आणि मोठे बेस हे बदलही तेव्हाच आल्याने सारे श्रेय एका नियमाचे नव्हे. संघांना मात्र आपली घडी बदलावी लागली. संगणकाने सांगितलेल्या जागी संथ खेळाडू उभा करून भागेना. दुसऱ्या बेसजवळ चपळ पायांचा माणूस हवा झाला. चेंडू जमिनीवर खेळवून बळी मिळवणाऱ्या पिचरला पाठीशी असलेली भिंत पातळ झाल्याचे जाणवले. पळवाटाही निघाल्या. नियम बाहेरच्या मैदानाला लागू नसल्याने २०२३च्या सराव सामन्यात मिनेसोटा ट्विन्सच्या जोई गॅलो यांच्यासाठी एका संघाने मधल्या बाहेरच्या क्षेत्ररक्षकाला उजवीकडे पुढे आणून उभे केले. तो संघ होता बोस्टन रेड सॉक्स!

आजच्या डावखुऱ्या फलंदाजाला नियमाने जी मोकळी जागा मिळवून दिली, ती विल्यम्स यांना स्वतःच्या बॅटने मिळवावी लागली. त्यासाठी ते अकरा वर्षे अडून बसले. १९४६ची वर्ल्ड सिरीज ही त्या हट्टाची किंमत मानली, तर १९५७चा हंगाम हे त्याला मिळालेले उशिराचे उत्तर होते.