कस्तुरबांसाठी विमानाने आलेले पेनिसिलिन

कस्तुरबा गांधींना (१८६९–१९४४) श्वासनलिकेच्या दाहाचा त्रास जुनाच होता. ऑगस्ट १९४२ पासून त्या पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होत्या. १९४४ च्या सुरुवातीला हृदयविकाराचे झटके आले आणि पाठोपाठ ब्राँकोन्यूमोनियाने गाठले. यात संसर्ग श्वासनलिकांतून फुप्फुसांत ठिकठिकाणी उतरतो. तान्ह्या बाळांना आणि वृद्धांना तो सर्वांत धोक्याचा.

धाकटे चिरंजीव देवदास यांचा पेनिसिलिनसाठी आग्रह होता. महायुद्धामुळे ते मुख्यतः सैनिकांसाठी राखलेले. तरी कलकत्त्याहून विमानाने आले. पण दर काही तासांनी सुई टोचावी लागणार, हे कळल्यावर गांधीजींनी नकार दिला. खचलेल्या शरीराला औषध लागू पडले असते का, हे सांगणे कठीणच. २२ फेब्रुवारीला संध्याकाळी बा गेल्या.