पूर, खारभूमी आणि बाबासाहेब

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि पाणी म्हटले की महाडचे चवदार तळे डोळ्यांपुढे उभे राहते. ते योग्यच आहे; परंतु त्यांच्या चरित्रात पाण्याचा आणखी एक अध्याय आहे. पेण-रोह्याच्या विद्यार्थ्यांना तो विशेष जवळचा वाटावा.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव कोलंबिया व लंडन येथून अर्थशास्त्राची विद्या घेऊन परतले. २० मार्च १९२७ रोजी त्यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले. त्याच वर्षी डिसेंबरात ते पुन्हा महाडला निघाले. धरमतरच्या वाटेवर मोटारवाले अडवणूक करतील, अशी शंका होती. म्हणून बोटीने दासगावला उतरावे लागले. तळ्यावरील हक्क उच्च न्यायालयात सिद्ध होण्यास १९३७ साल उजाडले.

दरम्यान त्यांची दृष्टी आपल्या खारेपाटाकडे वळली होती. पेण-अलिबागची खारभूमी म्हणजे समुद्राकडून हिसकावून घेतलेली शेती. बाहेरकाठा शाबूत आणि उघाड्या नीट असतील तरच भात पिकते. उधाणात खांड पडली की खारे पाणी शिरते आणि जमीन पुढील काही वर्षे नापीक होते. बांध घालण्यासाठी गावाने एकत्र येऊन चिखल उपसायचा, ही जोळाची रीत आपल्याकडील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. कष्ट कुळांचे, पीक मात्र खोत-सावकारांच्या कोठारात! याविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली संप पुकारला आणि तो वर्षानुवर्षे चालवला. १९३४ साली बाबासाहेब चरीला आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ही कुळे बहुसंख्येने आगरी-कुणबी होती. बाबासाहेबांना एका जातीचे पुढारी ठरवणाऱ्यांनी एवढे तरी वाचावे.

१९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. पाटबंधारे व वीज ही खाती त्यांच्याकडेच होती. पुढील वर्षीच्या जुलैत दामोदर नदीने बर्दवानजवळ बांध फोडला. गावे बुडाली, कलकत्त्याकडे जाणारा लोहमार्ग तुटला. एकीकडे महायुद्ध, दुसरीकडे बंगालचा दुष्काळ. बांध पुन्हा उंच करावा आणि पुढच्या पुराची वाट पाहावी, ही सरकारी रीत बाबासाहेबांना मान्य नव्हती. नदीचे खोरे प्रांतांच्या सीमा जुमानत नाही, तेव्हा योजनाही संपूर्ण खोऱ्याची हवी, हा त्यांचा आग्रह होता. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा नमुना समोर ठेवून त्यांनी केंद्र, बंगाल व बिहार यांना १९४५ साली एका मेजावर बसवले. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला कटक येथील परिषदेत त्यांनी महानदीविषयीही हीच भूमिका मांडली. अतिरिक्त पाणी हे संकट मानून समुद्रात लोटू नये; जलाशयात साठवून शेती, वीज आणि जलवाहतुकीला वापरावे. अर्थशास्त्रज्ञाचीच ही दृष्टी! दामोदर खोरे महामंडळ १९४८ साली स्थापन झाले.

धरणांनी पूर संपले नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. हिराकूडच्या जलाशयाखाली शेकडो गावे गेली. विस्थापितांत आदिवासी व दलित मोठ्या संख्येने होते आणि त्यांच्या पुनर्वसनाची हेळसांड झाली. ही बाजू झाकून बाबासाहेबांचा गौरव करण्याची गरज नाही. आपल्याकडे जुलै १९८९ मध्ये अंबा नदीने नागोठण्यात हाहाकार केला. तेथेही प्रश्न तोच होता: डोंगरात कोसळणारा पाऊस आणि खाडीची भरती यांचा हिशेब एकत्र कोणी करायचा? पात्र नगरपालिकेचे, खाडी दुसऱ्या खात्याची, बांध तिसऱ्याचा, अशी वाटणी झाली की पूर कोणाचाच राहत नाही; घर बुडालेल्याचा तेवढा राहतो. खोऱ्याला एकच कारभार हवा, ही बाबासाहेबांची मागणी कुंडलिका-अंबेच्या काठावर अजून जुनी झालेली नाही.

जून १९४६ मध्ये त्यांनी ते पद सोडले. पुढे संविधानाच्या कामात आंतरराज्य नद्यांचा विषय संघसूचीत आला. मुंबई राज्यातील खोती १९४९ च्या कायद्याने गेली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. हिराकूडचे उद्घाटन त्यानंतरच्या जानेवारीत झाले.