आधी निवारा
डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव कोकणातील आंबडवे. परदेशी उच्च शिक्षण घेऊन ते १९१७ साली बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले. परंतु जातीपायी त्यांना भाड्याची खोली मिळेना. पारशी विश्रामगृहात आश्रय घेतला, तेथूनही अकराव्या दिवशी लाठीधारी टोळक्याने बाहेर काढले. नोकरी सोडून ते मुंबईस परतले. पुढे त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. त्याच एप्रिलमध्ये निपाणीच्या बहिष्कृत परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले. १९५६ साली त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्याच निपाणीत वा बेळगावात आज कोणी घरमालक आडनाव विचारून गरजू भाडेकरूस परतवीत असेल, तर बडोद्याची पुनरावृत्तीच होय. भाडे अवश्य घ्यावे. जात विचारू नये.