संत जॉन बॉस्को : उमेदवारांचे कैवारी

दरवर्षी ३१ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करते. युवकांचे मित्र म्हणून ते आपल्या भाविकांना चांगलेच परिचित आहेत. मात्र कारागीर घडविण्यासाठी त्यांनी केलेल्या कार्याकडे आपले तितकेसे लक्ष जात नाही. परीक्षांचे निकाल लागले की काही पालक आमच्याकडे एक प्रश्न घेऊन येतात. मुलाला प्लंबर व्हायचे आहे. त्याने काही महिन्यांचा कोर्स करून प्रमाणपत्र मिळवावे, की एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली दोन-तीन वर्षे उमेदवारी करावी? या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला या संताच्या चरित्राची पुन्हा पुन्हा आठवण होते.

जॉन बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील पिएमाँत प्रांतात, बेक्की नावाच्या वाडीत एका शेतकरी कुटुंबात झाला. ते दोन वर्षांचेही झाले नव्हते तोच वडील वारले. आई मार्गारेट हिने मोठ्या हिमतीने संसार सांभाळला. घरच्या कलहामुळे जॉनला कोवळ्या वयात परक्याच्या शेतावर राबावे लागले. पुढे शिक्षणासाठी कास्तेलनुओव्हो गावी राहत असताना, ज्या शिंप्याच्या घरी त्यांची सोय झाली होती त्याच्याकडून ते शिवणकाम शिकले. त्याच गावातील एका लोहाराच्या भट्टीवर त्यांनी घण चालविला. किएरी येथे एका कॉफीगृहात काम करता करता ते मिठाई बनविण्यास शिकले. ही कामे ते थोड्या अवधीत शिकले व पुढे त्यांना ती उपयोगीही पडली. परंतु त्यांपैकी कोणत्याही धंद्यात ते उस्ताद झाले नाहीत व तसा दावाही त्यांनी कधी केला नाही. काम तोंडओळखीपुरते शिकणे आणि त्या कामावर आयुष्यभर पोट भरणे, यांतील अंतर त्यांनी स्वानुभवाने जाणले होते.

५ जून १८४१ रोजी तुरिन शहरात त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्या काळी कामाच्या शोधात खेड्यापाड्यांतून शेकडो मुले तुरिनला येत असत. गवंड्याच्या हाताखाली विटा वाहणारी, धुराडी साफ करणारी ही मुले रविवारी रस्त्यावर भटकत. फादर काफास्सो यांच्यासमवेत तुरुंगांना भेटी देताना डॉन बॉस्को यांना त्यांच्यातलीच काही मुले गजांआड दिसली व त्यांचे मन हेलावले. त्याच वर्षी ८ डिसेंबरला, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, चर्चच्या सॅक्रिस्टीत गवंडीकाम करणारा एक अनाथ मुलगा त्यांना भेटला. मिस्सासेवा येत नाही म्हणून सॅक्रिस्टनने त्याला मारून हाकलले होते. डॉन बॉस्को यांनी त्याला परत बोलावले, मायेने विचारपूस केली व धर्मशिक्षणाचा पहिला पाठ दिला. आपल्या कार्याचा आरंभ ते याच भेटीपासून मानीत. पुढे १८४६ च्या ईस्टरला वालदोक्को भागातील एका साध्या पडवीत त्यांच्या मुलांना हक्काची जागा लाभली आणि त्याच वर्षी आई मार्गारेट मुलांची माय होण्यासाठी तेथे राहावयास आली.

मुलांना प्रार्थना शिकविली, पोटाचे काय? डॉन बॉस्को मुलांसाठी काम शोधत कारखान्यांत व इमारतींच्या बांधकामांवर फिरत असत. तेथे त्यांना जे दिसले ते विचार करावयास लावणारे होते. कारागिरांच्या जुन्या संघटना पिएमाँतमध्ये १८४४ साली बरखास्त झाल्या होत्या. परिणामी उमेदवार आणि मालक यांच्यामध्ये उभे राहणारे कोणी उरले नाही. मुलगा धंदा शिकण्यासाठी ठेवलेला असे, पण त्याच्याकडून झाडलोट, निरोप पोहोचविणे, मालकाच्या घरची कामे हीच करून घेतली जात. मारहाण नित्याची व रविवारची सुट्टीही अनिश्चित. वर्षे निघून जात आणि हातात कसब येत नसे.

अशा वेळी उमेदवारीच नको, असे म्हणणे सोपे होते. डॉन बॉस्को यांनी तसे केले नाही. धंदा कामाच्या ठिकाणी, जाणत्या कारागिराच्या नजरेखाली व पुरेसा वेळ देऊनच अंगी मुरतो, हे त्यांना मान्य होते. त्यांनी उमेदवारीला लेखी कराराची चौकट दिली. काचकाम शिकणाऱ्या मुलासाठी नोव्हेंबर १८५१ मध्ये व सुतारकाम शिकणाऱ्या मुलासाठी ८ फेब्रुवारी १८५२ रोजी केलेले त्यांचे करार आजही उपलब्ध आहेत. सुतारकामाचा करार दोन वर्षांचा होता. मालकाने मुलाला धंदा खरोखर शिकवावा, धंद्याशी संबंध नसलेली कामे सांगू नयेत, चूक झाल्यास शब्दांनीच समज द्यावी, सणाचे दिवस मोकळे ठेवावेत, वर्षाकाठी रजा द्यावी व मुलाचा हात बसत जाईल तशी मजुरी वाढवावी, अशी कलमे त्यात होती. मुलानेही आज्ञाधारकपणे व मन लावून काम करण्याचे वचन दिले होते. मालक, मुलगा, त्याचे वडील आणि डॉन बॉस्को या सर्वांचा त्यात सहभाग होता.

वाढत्या मजुरीचे ते कलम आम्हांला फार मोलाचे वाटते. गरिबाचा मुलगा झटपट शिक्षणाकडे वळतो तो आळसामुळे नव्हे. घरची चूल त्याला थांबू देत नाही म्हणून. शिकता शिकता चार पैसे हाती आले, तरच त्याला सावकाश व नीट शिकणे परवडते.

पुढे डॉन बॉस्को यांनी स्वतःचीच कार्यशाळा उभारली. १८५३ साली चांभारकाम व शिवणकाम, १८५४ मध्ये पुस्तकबांधणी, १८५६ मध्ये सुतारकाम आणि नंतर छपाई व लोहारकाम सुरू झाले. तेथेही अडचणी आल्या. बाहेरचे उस्ताद पगारावर नेमले तर ते आपलेच काम पाहत. भागीदारीत घेतले तर मुलांच्या शिक्षणापेक्षा कमाईकडे लक्ष देत. त्यांनी निरनिराळ्या व्यवस्था करून पाहिल्या व अखेर १८५९ साली स्थापन केलेल्या आपल्या सालेशियन संस्थेतील ब्रदरांवर ही जबाबदारी सोपविली. १८८४ च्या तुरिन येथील राष्ट्रीय प्रदर्शनात त्यांच्या मुलांनी कागद तयार करण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंतचे सारे काम लोकांसमोर करून दाखविले. १८८६ साली संस्थेच्या महासभेने कारागीर मुलांच्या धार्मिक, बौद्धिक व व्यावसायिक अशा तिहेरी जडणघडणीचा विचार केला. ३१ जानेवारी १८८८ रोजी डॉन बॉस्को देवाघरी गेले. १ एप्रिल १९३४ रोजी, ईस्टरच्या दिवशी, त्यांना संतपद बहाल करण्यात आले आणि १९५८ साली बारावे पायस यांनी त्यांना इटलीतील उमेदवार कामगारांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले.

आता पालकांच्या त्या प्रश्नाकडे वळू या. अल्पमुदतीच्या कोर्सला आम्ही तुच्छ लेखीत नाही. हत्यारांची नावे, पाइपांचे प्रकार, नकाशा वाचणे, सुरक्षिततेचे नियम हे वर्गात लवकर व पद्धतशीर समजते. पुष्कळदा मिस्त्री ते समजावून सांगतही नाही. परंतु भिंतीतील गळती नेमकी कोठून आहे, जुन्या इमारतीतील गंजलेला सांधा कितपत जोर सोसेल, हे अनेक घरांतून काम केल्यावरच उमगते. कोर्स हे दार आहे. घर बांधावयाचे ते उमेदवारीतच. तथापि जी उमेदवारी मुलाला केवळ सिमेंटची पोती उचलावयास लावते, ती तीन वर्षांची असली तरी फुकट होय.

म्हणून पालकांनी मुदत किती, एवढेच विचारून थांबू नये. शिकविणार कोण, काय शिकविणार, मुलाला काय मिळणार आणि करार मोडला तर त्याच्या बाजूने कोण उभे राहणार, हे विचारावे. आपल्या देशात १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात लेखी कराराची व विद्यावेतनाची तरतूद आहे. तिची माहिती करून घ्यावी. आपल्या धर्मग्रामांत अनुभवी मिस्त्री व कंत्राटदार आहेत. त्यांनी एकेक मुलगा हाताशी घ्यावा व त्याला मनापासून शिकवावे. आणि त्या मुलाची अधूनमधून चौकशी करण्याचे काम आम्हां धर्मगुरूंचे आहे. त्या सुतारकामाच्या करारावर एका धर्मगुरूचेही नाव आहे, हे आम्ही विसरता कामा नये.