आगरकरांनी स्वतःच्या अंत्यविधीचे पैसेही बाजूला काढून ठेवले होते

गोपाळ गणेश आगरकर हे नाव घेतलं की दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे आधी सामाजिक सुधारणा की आधी स्वराज्य, यावरून टिळकांशी झालेला वाद. दुसरी म्हणजे 'सुधारक'. शाळेच्या पुस्तकात आगरकर एवढ्यावरच संपतात. पण हा माणूस घरी कसा होता, यशोदाबाईंचा नवरा आणि लहान मुलांचा बाप म्हणून कसा जगला, हे फारसं कुणी सांगत नाही. खरं तर त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड हिशोब तिथेच होता.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, कराडजवळच्या टेंभूचा. घरची परिस्थिती बेताची म्हणणंही जास्त होईल. शिकण्यासाठी कराड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण झाली. वाटेत मिळेल ते काम केलं. अकोल्यात विष्णु मोरेश्वर महाजनी या शिक्षकांनी हात दिला आणि पोरगा मॅट्रिक होऊन पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोहोचला. तिथे अंगावर एकच सदरा होता. रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा.

१८७७ साली यशोदाबाईंशी लग्न झालं. पुढे एम. ए. होत असताना त्यांनी आईला एक पत्र लिहिलं. मुलगा मोठी परीक्षा देतोय, आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल, घरचे पांग फिटतील, अशी आशा तिने धरू नये, पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ लोकांसाठी घालवणार, असा त्याचा मतलब. त्या काळी एम. ए. झालेल्या माणसाला सरकारी नोकरी म्हणजे हातचा मळ होता. हे पत्र आज कौतुकाने सांगितलं जातं, पण ते वाचताना त्या माऊलीला काय वाटलं असेल, याचाही विचार करायला हवा.

बोलल्याप्रमाणे ते चिपळूणकर आणि टिळकांच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये रुजू झाले. जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' निघाला आणि त्याचे पहिले संपादक आगरकर झाले. कोल्हापूरच्या दिवाणांवर केलेली टीका अंगाशी आली आणि १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर या दोघांना मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. बाहेर आल्यावर आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिलं.

पण आगरकरांच्या छातीत दमा होता. कॉलेजच्या दिवसांपासून त्याने पाठ सोडली नव्हती. आज दम्याच्या माणसाच्या खिशात इनहेलर असतो, पण तसा पंप बाजारात यायला १९५६ साल उजाडावं लागलं. आगरकरांच्या काळात धूर, काढे आणि हवापालट यापलीकडे वैद्य-डॉक्टरांच्या हातात फारसं नव्हतं. उसळला की रात्र बसून काढायची, उतरला की वर्गावर जायचं आणि मग अग्रलेख लिहायचा.

त्यात पैशाचा प्रश्न. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी थोडक्या पगारावर काम करायचं, असं ठरलेलं. १८८७ च्या सुमाराला दरमहा फक्त पाच रुपये वाढ द्यावी की नाही, यावरून सदस्यांमध्ये खडाजंगी झाली. आगरकर वाढीच्या बाजूने, टिळक विरोधात. टिळकांचं म्हणणं त्यागाच्या तत्त्वाचं होतं आणि ते चुकीचं म्हणता येत नाही. पण टिळकांच्या मागे थोडीफार वडिलोपार्जित मिळकत होती, आगरकरांच्या मागे काहीच नव्हतं. दमेकरी माणूस, घरात बायको-मुलं. आपण गेलो तर यांचं काय, हा प्रश्न त्यांच्यासाठी तत्त्वाचा नव्हता, रोजचा होता. गरिबी त्यांनी स्वतः निवडली होती. यशोदाबाईंना आणि मुलांना कुणी विचारलं नव्हतं. आगरकर हे विसरले नाहीत, असंच त्या पाच रुपयांच्या भांडणावरून वाटतं.

त्याच वर्षी त्यांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ च्या ऑक्टोबरात 'सुधारक' काढला. इंग्रजी बाजू तरुण गोपाळ कृष्ण गोखले सांभाळायचे. बालविवाह, केशवपन, मुलींचं शिक्षण यांवर आगरकरांनी असं लिहिलं की पुणं खवळलं. जिवंत आगरकरांची प्रेतयात्रा त्यांच्याच घरावरून नेली, असं सांगतात. याची झळ घरालाही बसायची. शेजारपाजारचे टोमणे नवऱ्याआधी बायकोला ऐकावे लागतात. यशोदाबाई देवधर्म मानणाऱ्या. आगरकर स्वतः देव मानत नव्हते, पण बायकोच्या पूजेअर्चेवर त्यांनी बळजबरी केली नाही, असं सांगितलं जातं. बाहेर एवढा कडक वाटणारा सुधारक घरात असा होता.

१८९२ मध्ये वामन शिवराम आपटे गेले आणि आगरकर फर्ग्युसनचे प्रिन्सिपॉल झाले. मान वाढला, पण अंगात ताकद उरली नव्हती. शेवटच्या दिवसांत टिळक भेटायला आले. वर्षानुवर्षं एकमेकांवर लेखणी चालवलेले हे दोघे पुन्हा समोरासमोर बसले.

१७ जून १८९५ ला आगरकर गेले. वयाची ३९ वर्षं पुरी व्हायला २७ दिवस बाकी होते. त्यांच्या उशाशी एक पुरचुंडी सापडली. तिच्यात थोडे पैसे होते आणि ते आपल्या अंत्यविधीसाठी आहेत, अशी चिठ्ठी. आपण गेल्यावर यशोदाबाईंना सरणाच्या लाकडांसाठी कुणापुढे हात पसरावा लागू नये, एवढ्यासाठी आजारपणातल्या खर्चातूनही त्यांनी ते वेगळे काढले होते.

'केसरी'त मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. लिहिताना त्यांच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं, अशी आठवण सांगतात. फर्ग्युसनची सूत्रं महादेव शिवराम गोळे यांच्याकडे गेली. यशोदाबाई मागे राहिल्या, त्यांनी मुलं वाढवली. पुढे त्यांच्या आठवणी छापून आल्या आणि आगरकरांच्या संसाराबद्दल आज जे काही कळतं, त्यातलं बरंचसं त्यांनीच सांगितलेलं आहे.